कुत्रा डब्यात तोंड घालतो तेव्हा

मालवण किनाऱ्यावरच्या घरात कचऱ्याचा डबा म्हणजे मुख्यतः मासळीचा डबा. बांगड्याची डोकी, सुरमईच्या पोटातली घाण, कोलंबीची सालं, कुर्ल्यांच्या चावून टाकलेल्या नांग्या, तिसऱ्यांच्या शिंपल्या आणि त्यावर ताटातलं उरलंसुरलं कालवण. कुत्रा पाळणाऱ्यांना सहसा जे सल्ले मिळतात, ते शहरातल्या फ्लॅटचा डबा डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. त्या डब्यात भाजीची देठं नि पावाचे तुकडे. आपल्याकडे ते सल्ले पुरे पडत नाहीत. म्हणून ‘कुत्र्यान डबो पाडल्यान’ ही तक्रार घरोघर ऐकू येते, कुत्र्याला दोन रट्टे बसतात आणि आठ दिवसांत डबा पुन्हा आडवा झालेला असतो.

माझं मत स्पष्ट आहे. कुत्र्याला वळण लावणं हे यातलं दुसरं काम. पहिलं काम मासळीच्या कचऱ्याची सोय लावण्याचं, आणि तेही तो डब्यात पडण्याआधी.

माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी ५० ते ६० लाख असतात, कुत्र्याच्या नाकात २० ते ३० कोटी. तुम्हाला डबा धुतलेला, स्वच्छ दिसतो. त्याला त्यात परवाचा पेडवा अजून जाणवत असतो. अशा प्राण्यासमोर सैल झाकणाचा प्लास्टिकचा डबा ठेवायचा आणि त्याने तिकडे बघू नये अशी अपेक्षा करायची, हे अन्यायाचं आहे. त्यात आणखी एक गोम आहे. एकदा डबा पाडून सुरमईचं डोकं हाती लागलं की पुढे दहा वेळा काही मिळालं नाही तरी तो नाद सोडत नाही. कधीतरीच मिळणारं बक्षीस हे रोज मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा सवय जास्त घट्ट करतं. मटक्याचा आकडा लावणाऱ्याचं होतं तेच. म्हणून ‘आमचा डबा बहुतेक वेळा बंदच असतो’ या म्हणण्याला काही अर्थ उरत नाही. बंद म्हणजे रोज बंद. घरात लग्न असलं तरी आणि चतुर्थीला चाकरमान्यांनी घर भरलेलं असलं तरी.

आता मागीलदारी चला. आदाळ्यावर मासे कापायला बसलं की खवले उडून हातभर लांब जातात, कल्ले ओढताना रक्ताचे थेंब चिऱ्यावर पडतात, आतडी बोटाने खेचून बाजूला टाकली जातात. कुत्रा आणि मांजर आपापलं ठरलेलं अंतर राखून येऊन बसलेले असतात. बरेचदा पहिलं डोकं आपणच त्यांच्याकडे भिरकावतो. दुपारच्या चोरीची सुरुवात तिथे होते, कारण मासळीची घाण हा आपला वाटा आहे हे त्याला आपणच शिकवलेलं असतं.

कापायला बसण्यापूर्वी घट्ट झाकणाची छोटी बादली आणि जुना पेपर हाताशी घ्या. घाण पेपरवरच पडू द्या. कापून झालं की पेपर गुंडाळून बादलीत, बादलीला झाकण, आणि मगच मासे धुवायला उठायचं. हा क्रम उलटा झाला की मधल्या दोन मिनिटांत काम फसतं. मासे धुतलेलं पाणी माडाच्या आळ्यात ओतायची आपली रीत चांगली आहे, माडाला ते मानवतं. फक्त ते जुन्या चाळणीतून गाळून ओता आणि वर चार मुठी राख किंवा पातेरा पसरा. नाहीतर कुत्रा आळं उकरतो आणि माडाची मुळं उघडी पडतात.

बादलीतल्या घाणीचं पुढे काय करायचं, हे तुमच्या जागेवर अवलंबून आहे. परसू असेल तर खड्ड्यासारखा उपाय नाही. घरापासून लांब आणि विहिरीपासून त्याहून लांब, दीड-दोन फूट खोल. तळाला सुका पातेरा, मग मासळीची घाण, त्यावर शेण किंवा शेणखत, पुन्हा पातेरा आणि वर चांगली वीतभर माती. या मातीतूनही कुत्र्याला वास येतोच, म्हणून वर जांभ्याचे दोन चिरे ठेवा. चिरा सरकवणं त्याच्या आवाक्याबाहेरचं असतं. पावसाळ्यात मात्र हा खड्डा पाण्याने भरतो आणि सगळी घाण तरंगून वर येते, तर कातळावरच्या घरांना बारा महिने खड्डा खणणंच कठीण. अशांनी पडवीत झाकणाचं पिंप ठेवून त्यात पातेरा, शेणखत आणि मासळी असे थर द्यावेत, पातेऱ्याचं प्रमाण भरपूर ठेवावं.

दुसरा मार्ग बागायतदारांच्या उपयोगाचा. मासळीची घाण आणि तेवढ्याच वजनाचा गूळ बरणीत कालवून सावलीत ठेवला की तीन-चार आठवड्यांत पातळ काळसर द्रव तयार होतो. तो गाळून लिटरभर पाण्याला दोन-तीन मिलिलिटर या प्रमाणात भाजीला, फुलझाडांना फवारतात. आतला वायू निघून जावा म्हणून या बरणीचं झाकण आवळून बसवता येत नाही, तेव्हा ती उंच फळीवरच ठेवायची. ज्यांच्याकडे खड्डाही नाही आणि बागही नाही, त्यांनी मासळीची घाण डब्यात भरून फ्रीजरच्या एका कोपऱ्यात ठेवावी आणि कचऱ्याची गाडी येईल त्या सकाळीच बाहेर काढावी. सुरुवातीला मनाला पटत नाही, पण गोठलेल्या घाणीला वास जवळजवळ नसतो आणि दोन दिवस गाडी चुकली तरी घरात गोंधळ होत नाही.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात ताजी मासळी कमी होते आणि सुक्या बांगड्यांचे, सुकटीचे डबे उघडतात. भाजलेल्या सुक्या बांगड्याची डोकी आणि काटे कचऱ्यात जातात. त्यांचा वास ताज्या माशापेक्षा उग्र आणि त्यात मीठ भरपूर. अशी डोकी पोटात गेली की कुत्र्याला सपाटून तहान लागते, उलट्या होतात. तेव्हा जूनमध्ये डब्याबाबत सैल पडू नका.

डबा कोणता घ्यावा? हलत्या झाकणाचा नको, कुत्रा त्यात सरळ नाक घालतो. पायाने उघडायचा डबा हुशार कुत्रा काही दिवसांत स्वतः पाय देऊन उघडायला शिकतो. सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचा म्हणजे रंगाचा रिकामा झालेला २० लिटरचा डबा, ज्याचं झाकण दाबून बसवावं लागतं. आत स्वच्छ धुऊन तळाला एक वीट ठेवा, म्हणजे तो आडवा होत नाही. कडीचा पत्र्याचा डबाही चालेल. ओट्याखाली कपाट असेल तर डबा आत आणि दाराला लहान मुलांसाठी मिळतं तसलं कुलूप. जुन्या घरात कपाट नसेल, तर भिंतीला भक्कम खुंटी ठोकून डबा कुत्र्याच्या उडीच्या वर टांगा. एवढंही जमत नसेल तर स्वयंपाकघराच्या दाराला अर्ध्या उंचीची फळी बसवून घ्या. सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

मासळी बाजारातून आणलेली प्लास्टिकची पिशवी हा घराघरात राहून जाणारा धोका आहे. ओला कचरा आपण नीट झाकतो आणि ही पिशवी सुका कचरा म्हणून उघड्या टोपलीत टाकतो. कुत्र्याच्या लेखी ती माशाचीच असते. तो ती चघळतो, तुकडे गिळतो आणि ते आतड्यात अडकतात. दुधाच्या आणि मटणाच्या पिशव्यांचंही तेच. पिशवी साबणाच्या पाण्यातून काढून वाळवा, मगच सुक्या कचऱ्यात टाका. लहान मुलांचे डायपर आणि सॅनिटरी पॅड तर कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यातच गेले पाहिजेत. ते पोटात गेले की फुगतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते.

डब्यात काय असतं ते कुत्र्याच्या पोटाच्या बाजूने एकदा बघायला हवं. शिजलेलं कोंबडीचं हाड ठिसूळ होतं, त्याच्या टोकदार फाका पडतात आणि त्या घशात किंवा आतड्यात रुततात. माशांमध्ये शिंगाळा सगळ्यात वाईट. त्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचे काटे करवतीसारखे दातेरी आणि विषारी असतात. ते कापले की उघड्यावर न टाकता पुरूनच टाका. वाटपात कांदा-लसूण असतो आणि त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. भरपूर खोबऱ्याचं तेलकट कालवण त्याच्या स्वादुपिंडाला झेपत नाही. आंब्याच्या दिवसांत देवगड-मालवणात कचऱ्यात हापूसच्या बाठींचा ढीग पडतो. मध्यम आकाराचा कुत्रा बाठ आख्खी गिळतो आणि ती लहान आतड्यात बुचासारखी बसते. काजूच्या दिवसांत ओल्या बियांची टरफलं उघड्यावर टाकू नका, त्यातल्या तेलाने आपले हात भाजतात, मग कुत्र्याच्या तोंडाचं काय होत असेल! चहा-कॉफीचा चोथा, चॉकलेट, द्राक्षं, मनुका, बुरशी धरलेला पाव किंवा खोबरं हे सगळं त्याला बाधतं. आणि किनाऱ्यालगतच्या घरांनी दोन गोष्टींसाठी डोळ्यांत तेल घालावं. रापणीच्या जाळ्यातून वाळूवर टाकून दिलेला केंड मासा विषारी असतो आणि त्या विषावर उतारा नाही. दुसरी गोष्ट आमिष लावलेला गळ. गळ गिळलेल्या कुत्र्याच्या तोंडातून दोरी लोंबत असेल तर ती चुकूनही ओढू नका.

असं काही खाल्ल्याचा संशय आला तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नये. मिठानेच विषबाधा होऊ शकते आणि टोकदार हाड परत वर येताना घसा फाडतं. काय खाल्लं, किती, केव्हा हे कागदावर लिहा, उरलेला तुकडा किंवा वेष्टन सोबत घ्या आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. वारंवार उलट्या, पोट ताणलेलं, शी बंद, लाळ गळणं, थरथर यातलं एक जरी दिसलं तरी सकाळपर्यंत वाट पाहू नका.

आता वळणाकडे. कुत्र्याला ‘सोड’ हा एक शब्द पक्का शिकवला तर अर्धं काम होतं. मुठीत बिस्किटाचा तुकडा धरा आणि मूठ त्याच्या नाकासमोर न्या. तो हुंगेल, चाटेल, पंजा मारेल. तुम्ही गप्प राहा. कंटाळून त्याने तोंड मागे घेतलं त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणा आणि दुसऱ्या हातातला तुकडा द्या. मुठीतला कधीच देऊ नका. हे जमलं की तुकडा जमिनीवर तळहाताखाली, मग उघड्यावर, मग डब्याच्या शेजारी. तोंड मागे घ्यायचं त्याला कळू लागलं की त्या क्षणाआधी ‘सोड’ म्हणायला लागा. दिवसातून पाच मिनिटं पुरतात, ताणलंत तर तो कंटाळतो. घरात सगळ्यांचा शब्द एकच असू द्या. आजी ‘हाड’ म्हणते, मुलं ‘नो’ म्हणतात आणि बाबा ‘ए’ करून ओरडतात, यातून त्याला काहीच उमगत नाही.

याच्या जोडीला त्याला स्वयंपाकाच्या वेळेची जागा द्या. उंबऱ्याबाहेर गोणपाट टाका आणि तो त्यावर बसला की अधूनमधून तिथेच नेऊन काहीतरी द्या. ओट्यापाशी आलेल्याला काही म्हणजे काही द्यायचं नाही. काही दिवसांत गोणपाट ही फायद्याची जागा आहे हे त्याच्या ध्यानात येतं. हा हिशेब तो माणसापेक्षा लवकर शिकतो.

मारण्याचा काही उपयोग होत नाही. तुम्ही बाजारातून परत येता, डबा पडलेला, कुत्रा कान पाडून कोपऱ्यात. ‘बघ, त्याला चूक कळते’ असं आपण म्हणतो. अमेरिकेतल्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये हे तपासून पाहिलं. ज्यांनी काही केलं नव्हतं, पण ज्यांना मालकाचा राग झेलावा लागला, तेही कुत्रे तितकाच ‘अपराधी’ चेहरा करत होते. म्हणजे तो चेहरा तुमच्या रागाला घाबरून होतो. तासाभरापूर्वी पाडलेल्या डब्याशी तो मार जोडू शकत नाही. तो एवढंच शिकतो की तुम्ही घरी आलात की भीती वाटते. तोंडात हाड धरलेल्या कुत्र्याच्या जबड्यातून ते हिसकावणं त्याहून धोक्याचं. त्याला दुसरं काही चांगलं दाखवा, तो हाड टाकेल. घरातलाच कुत्रा असला तरी दात लागला तर जखम १५ मिनिटं साबणाच्या वाहत्या पाण्याने धुवा आणि रेबीजच्या लसीबाबत डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा.

कधीकधी कुत्रा खरोखरच भुकेला असतो, हे मात्र आपण मान्य करायला हवं. राखणीच्या कुत्र्याला दिवसभर साखळीला बांधून रात्री उरलेली पेज घालायची आणि त्याने डबा धुंडाळला की चिडायचं, हे योग्य नाही. दोन ठरलेल्या वेळी पोटभर अन्न द्या. मीठ-मसाला न घातलेला, काटे काढलेला उकडलेला मासा आणि भात त्याला उत्तम. घरच्यांची जेवणं व्हायच्या आधी त्याला वाढलंत तर तो ताटांभोवती कमी घुटमळतो. साधारण दर तीन महिन्यांनी जंताचं औषध पशुवैद्यांना विचारून द्या. अचानक भूक वाढली आणि वजन मात्र उतरत गेलं तर मधुमेहासारख्या आजाराची तपासणी करून घ्या. लॅब्राडॉर पाळणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये या जातीच्या बऱ्याच कुत्र्यांत असा जनुकीय बदल आढळला, ज्याने त्यांना भूक भागल्याची जाणीव नीट होत नाही. अशा कुत्र्याच्या बाबतीत सगळा भरवसा डब्याच्या झाकणावर.

घरगुती तोडग्यांपैकी बरेचसे टाकाऊ आणि काही घातक. दारात निळीच्या पाण्याच्या बाटल्या ठेवायची पद्धत गावोगाव आहे. कुत्र्याला निळा रंग चांगला दिसतो आणि त्या रंगाला घाबरण्याचं त्याला काहीच कारण नाही. मिरचीपूड डब्यावर टाकली तर ती त्याच्या डोळ्यांत जाते. फिनेल आणि डांबरगोळ्या विषारी आहेत, त्या चाटल्या गेल्या तर तुमचाच कुत्रा जाईल. आणि कचऱ्यात विष कालवून भटक्यांचा बंदोबस्त करायचा विचार कुणाच्या मनात येत असेल, तर तो गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. शिवाय ते विष मांजरांच्या, घारींच्या आणि समुद्री गरुडांच्याही पोटात जातं.

भटक्यांचा विषय निघालाच आहे, तर गेटबाहेर रात्रभर ठेवलेल्या काळ्या पिशवीकडे बघू. घरातला डबा बंद करून ती पिशवी उघड्यावर ठेवली तर आपल्या घरातली चोरी फक्त रस्त्यावर जाते. जिथे रोज अन्न मिळतं तिथे कुत्र्यांची टोळी जमते. प्राणी जनन नियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे पकडलेला कुत्रा नसबंदी आणि लसीकरण करून पुन्हा त्याच भागात सोडायचा असतो. म्हणजे ही टोळी तिथेच राहणार, आणि तिला कचऱ्यावर पोसायचं की नाही हे आपल्या हातात. कचऱ्याला उंदीरही येतात आणि त्यांच्या मुताने पसरणारा लेप्टो सिंधुदुर्गाला नवा नाही. कुत्र्याच्या वार्षिक लसीत लेप्टोची लस आहे का, ते विचारून घ्या.

याच टोळ्या रात्री किनाऱ्यावर उतरतात. वायंगणी, तांबळडेग अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात आणि तेवढ्या काळात कुत्र्यांनी घरटं उकरू नये म्हणून गावकरी अंडी कुंपणाच्या आत हलवून राखण करतात. दुसरीकडे डोंगराच्या अंगाला बिबट्या आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बिबट्याच्या खाण्यात वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. कचरा कुत्र्याला अंगणापर्यंत आणतो आणि कुत्रा बिबट्याला. मागीलदारी बांधलेल्या तुमच्या कुत्र्याच्या जिवासाठीही बाहेरचा कचरा बंद असायला हवा.

यात निवास-न्याहारी आणि खानावळी चालवणाऱ्यांची जबाबदारी सगळ्यात मोठी. तारकर्ली-देवबागच्या एका खानावळीतून हंगामात निघणारी मासळीची घाण घरगुती डब्यात मावणारी नसते. ती खाडीकाठी किंवा सुरूच्या बनात टाकली की कुत्र्यांना कायमचं ताट वाढलं जातं. खानावळीने झाकणाचं मोठं पिंप, मासळीची वेगळी बादली आणि कचरा उचलण्याची ठरलेली वेळ हा भांडवली खर्चच समजावा. पाहुण्यांनाही सांगून ठेवा की प्रेमाने फेकलेला सुरमईचा काटा कुत्र्याच्या घशात रुततो.

हे आपल्या जिल्ह्यात होऊ शकतं. केंद्र सरकारच्या २०१६ च्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात मैदानी भागातला सर्वांत स्वच्छ जिल्हा म्हणून सिंधुदुर्गाचं नाव आलं होतं. वेंगुर्ले नगरपरिषदेने रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना कचरा दारातच वेगवेगळा करून घ्यायला सुरुवात केली, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस काढला आणि जुन्या डंपिंग ग्राउंडचं लोक तिकीट काढून बघायला येतील असं स्थळ केलं. जिथे ओला कचरा रोज उचलला जातो तिथे कुत्र्यांना पसरायला काही उरत नाही.

तेव्हा येत्या ग्रामसभेत एक मागणी लेखी द्या: मासळीच्या कचऱ्यासाठी झाकणाचं वेगळं पिंप आणि ते रोज उचलण्याची ठरलेली वेळ, विशेषतः मासळी बाजाराजवळ आणि किनाऱ्यावर. आणि ग्रामसभेची वाट न बघता, पुढच्या वेळी आदाळ्यावर बसाल तेव्हा बादलीचं झाकण आधी हाताशी घ्या.